वाळूतले यजमान

खाल्ल्या मिठाला जागावे, ही शिकवण आपल्या मराठी घरांत लहानपणापासून मिळते. या वाक्प्रचाराकडे थोडे निरखून पाहिले तर ध्यानात येते, की मीठ घालणारा एक आणि जागायचे ते मात्र दुसऱ्याने. धन्याने पोटाला दिले, म्हणून चाकराने इमान राखावे. देणाऱ्यावर त्या मिठाचे कसलेच ऋण नाही. अरबस्तानच्या वाळवंटात भटकणाऱ्या बेदुइन टोळ्यांतही मिठाचा असाच एक कायदा पूर्वापार चालत आला आहे. परंतु त्याची गाठ उलट्या बाजूने बसते. पाहुण्याने तंबूतली भाकर आणि मीठ खाल्ले, की बांधला जातो तो यजमान. ते अन्न पाहुण्याच्या पोटात आहे तोवर, म्हणजे परंपरेच्या हिशेबाने तीन दिवस, त्याच्या जिवाची जोखीम यजमानाच्या शिरावर असते. पाहुणा वैऱ्याच्या टोळीतला का असेना, त्याच्या केसाला धक्का लागला तर तंबूच्या धन्याचे तोंड काळे होते.

आम्ही सेमिनरीत असताना उत्पत्तीच्या पुस्तकातील अठरावा अध्याय अभ्यासला. मम्रे येथे भर दुपारच्या उन्हात आब्राहाम तंबूच्या दाराशी बसला आहे, तीन अनोळखी वाटसरू दिसतात आणि हा वृद्ध गृहस्थ धावत त्यांना सामोरा जातो. तोंडाने म्हणतो, थोडी भाकर आणतो. प्रत्यक्षात मात्र साराला तीन मापे सपीठ मळायला सांगतो, कोवळे वासरू कापायला लावतो, दूधदही पुढे मांडतो आणि पाहुणे जेवत असताना स्वतः झाडाखाली उभा राहतो. या अध्यायाचे देवशास्त्र आमच्या गुरुजनांनी उत्तम शिकविले. त्यातला चुलीचा धूर मात्र आम्हांस दाखविला तो ग्रंथालयातल्या एका इंग्रजी पुस्तकाने. विल्फ्रेड थेसिजर यांचे ‘अरेबियन सँड्स’ हे १९५९ साली प्रसिद्ध झालेले प्रवासवर्णन. ते वाचताना जाणवले, की बोलण्यात थोडे आणि देण्यात फार ही आब्राहामाची रीत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या भूप्रदेशात जिवंत होती.

ज्या वाळवंटाची ही कथा आहे, त्याचे नाव रुब अल-खाली, म्हणजे रिकामा चतुर्थांश. सौदी अरेबिया, ओमान, संयुक्त अरब अमिराती आणि येमेन या चार देशांत पसरलेला सुमारे साडेसहा लक्ष चौरस किलोमीटरांचा हा वाळूचा सलग सागर, आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहूनही मोठा. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे एक हजार किलोमीटर. वाळूच्या टेकड्या दोनशे मीटर आणि त्याहूनही उंच. पाऊस कधी वर्षानुवर्षे पडत नाही. पडला तर एखाद्या पट्ट्यात पडतो, आणि तिथे उगवलेल्या झुडुपांवर उंट पुढे दोन-तीन वर्षे चरतात. ‘रिकामा’ हे विशेषण नकाशा काढणाऱ्यांनी प्रचलित केले. तिथे राहणारे राशिद टोळीचे लोक त्याला नुसते ‘वाळू’ म्हणत. आपल्या घराला रिकामे कोण म्हणेल?

युरोपातल्या माणसांनी हे वाळवंट आडवे पार केले ते फार उशिरा. मस्कतच्या सुलतानाचे वजीर असलेले बर्ट्राम थॉमस १९३० च्या डिसेंबरात दक्षिण किनाऱ्यावरील सलालाहून निघाले आणि १९३१ च्या फेब्रुवारीत पर्शियन आखातावर दोहा येथे पोहोचले. पुढल्याच वर्षी सेंट जॉन फिल्बी उत्तरेकडून शिरले. वबार नावाच्या, देवाच्या कोपाने जळाल्याची आख्यायिका असलेल्या नगराचा शोध घेताना त्यांना सापडली ती उल्कापाताने पडलेली विवरे. थेसिजर यांचे दोन प्रवास १९४६ ते १९४८ या काळातले. शोधाच्या इतिहासात ही तीन नावे कोरली गेली आहेत. थॉमस यांना पार नेणारा राशिद टोळीचा शेख सालिह बिन कलूत, किंवा थेसिजर यांचा वाटाड्या महंमद अल-औफ, यांची नावे मात्र जाणकारांखेरीज कोणाला ठाऊक नसतात. थेसिजर यांचा मोठेपणा असा, की त्यांनी आपले पुस्तक आपल्या दोन तरुण बेदुइन सोबत्यांना, सालिम बिन कबीना आणि सालिम बिन गबैशा यांना अर्पण केले.

थेसिजर हे इंग्रज राजदूताचे चिरंजीव, जन्म १९१० साली आदिस अबाबा येथला. हिंदुस्थानचे एके काळचे व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड हे त्यांचे चुलते. त्यांना वाळवंटात जाण्याची परवानगी मिळाली ती टोळांमुळे. टोळधाडीचा उगम कोठे होतो याचा छडा लावण्याचे काम दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस एका ब्रिटिश संस्थेने हाती घेतले होते आणि तिला रुब अल-खालीत जाणारा माणूस हवा होता. हा प्रश्न आपल्यापासून दूरचा वाटेल. पण २०१८ साली मे आणि ऑक्टोबर महिन्यांत दोन चक्रीवादळांनी याच रिकाम्या चतुर्थांशात पाऊस पाडला, ओल्या वाळूत टोळांच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढल्या, आणि त्या उद्रेकाची लाट पुढे अनेक देश ओलांडीत २०२० च्या मे महिन्यात आपल्या विदर्भातील अमरावती-नागपूरच्या शेतांवर उतरली. त्या वाळवंटात काय घडते, याची झळ आपल्या संत्र्याच्या बागांनाही लागते.

थेसिजर सोबत्यांना पैसे देत ते ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या चांदीच्या नाण्यांत. नाण्यावर साल १७८० चे. राणी त्याच वर्षी निवर्तली, पण अरबांचा विश्वास त्या मुद्रेवरच, म्हणून ती पुढेही त्याच सालाची पाडली जात राहिली. आखाताच्या किनाऱ्यावर मात्र आपला रुपया चाले, इतका, की १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या नोटा काढल्या. बेदुइनांच्या कॉफीत पडणारा वेलदोडाही जहाजांतून आपल्याच किनाऱ्यावरून जाई. ही दोन जगे एकमेकांना अगदीच अनोळखी नव्हती.

पहिल्या प्रवासात अर्ध्या वाटेवर बहुतेक सोबत्यांनी पुढे येण्याचे नाकारले. उरले चौघे : अल-औफ, बिन कबीना, शिकारी मुसल्लिम बिन तफ्ल आणि मबखौत. पीठ थोडे आणि पाणी शेळीच्या कातड्याच्या पखालींत, तेही पाझरणारे. पुढे उरूक अल-शैबाच्या प्रचंड टेकड्या आडव्या आल्या. अल-औफ पुढे जाऊन वाट पाहून आला. हा माणूस पूर्वी एकदा ही वाळू एकट्याने ओलांडून गेला होता आणि त्याबद्दल कोणत्याही भौगोलिक मंडळाने त्याला पदक दिले नव्हते. त्याने एकेका उंटाला हाताशी धरून, न मारता, न ओरडता, पावलापावलाने त्या उतारावरून वर नेले. थेसिजर यांनी स्वच्छ लिहून ठेवले आहे, की तिथे सर्वांचे प्राण त्याच्या हातांत होते. पुढे लिवाच्या मरूद्यानाजवळ पोहोचल्यावर परका दिसू नये म्हणून थेसिजर यांना वाळूतच मागे ठेवून काही सोबती अन्न आणावयास गेले आणि त्या उपासाच्या तीन दिवसांनी त्यांना पार खचवून टाकले. सोबती परत आले ते थोडेसे पीठ आणि खजूर घेऊन.

या लोकांच्या ज्ञानाची कल्पना एका प्रसंगावरून यावी. वाटेत उंटांचे माग दिसले. एक बेदुइन उतरला, ठसे निरखले, लेंड्या बोटांनी फोडून पाहिल्या आणि सांगितले : अवामिर टोळीचे सहा जण, दक्षिण किनाऱ्यावर लूट करून तीन उंट घेऊन आले आहेत, अमुक विहिरीवर पाणी पाजले आहे आणि दहा दिवसांपूर्वी इथून गेले. वाळूत राहणाऱ्या उंटाचे तळवे मऊ, त्यांची साल लोंबते. खडकाळ मैदानातल्या उंटाचे तळवे घासून गुळगुळीत. लेंडीवरून चारा कळतो, चाऱ्यावरून प्रदेश. पाऊस कधी पडला आणि कोठे पडला, हे ठाऊक असले की दिवसही मोजता येतात. हे सारे ज्याला वाचता येत होते, त्याला आपली जनगणना निरक्षर म्हणाली असती.

आणि या जीवनाचा आधार उंट. पाणी तो कुबडात साठवतो ही समजूत आपल्याकडे अजून आहे. कुबडात असते ती चरबी. त्याची खरी युक्ती पाणी न गमावण्यात आहे. दिवसभरात त्याच्या देहाचे तापमान ३४ पासून ४१ अंशांपर्यंत चढू शकते, त्यामुळे घामावाटे पाणी दवडावे लागत नाही. शरीराच्या वजनाच्या पाव हिश्शाइतके पाणी गेले तरी तो चालत राहतो आणि विहीर मिळाली की दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटर पिऊ शकतो. दक्षिणेतले बेदुइन स्वारीसाठीही सांडणीच पाळीत, कारण तिच्या दुधावर माणसे जगत. जिथे पाणी खारट, माणसाला पिववत नाही, तिथे ते सांडणी पिते आणि तिचे दूध माणूस पितो.

आता तो प्रसंग, ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. भुकेने कासावीस झालेल्या त्या पाच जणांपैकी मुसल्लिमने एके दिवशी बिळात हात घालून एक ससा धरला. कित्येक दिवसांत कोणी मांस चाखले नव्हते. शिजवावा कसा, यावर दीर्घ चर्चा झाली. रस्सा तयार होत आला, वास सुटला, सारे भोवती बसले. आणि बिन कबीनाने मान वर केली तर वाळूतून तीन माणसे येताना दिसली. पाहुणे! उठून त्यांचे स्वागत झाले, ख्यालीखुशाली विचारली गेली, कॉफी झाली. मग मुसल्लिमने तो ससा आणि भाजलेली भाकर ताटात घालून त्यांच्यापुढे ठेवली आणि आज तुम्हांला देवानेच धाडले, आजचा दिवस भाग्याचा, असे तोंडभरून म्हटले. पाहुण्यांनी आग्रह केला, तुम्हीही बसा. यजमानांनी साफ नाकारले. थेसिजर यांनी प्रांजळपणे लिहिले आहे, की त्या क्षणी आपल्या मनात त्या पाहुण्यांविषयी काय उसळत होते ते चेहऱ्यावर दिसू नये एवढीच आपली इच्छा होती. त्यांच्या सोबत्यांची भूक त्यांच्याहून कमी नव्हती. पण त्यांच्या चेहऱ्यावर काही लपवावे लागत आहे, असे मात्र दिसत नव्हते.

हे औदार्य आले कोठून? व्यवहारी मनुष्य म्हणेल, गरजेतून. आज मी तुला पाणी दिले नाही, तर उद्या मला कोण देईल? वाळवंटात प्रत्येक जण कधी ना कधी पाहुणा होणारच. हे खरे आहे. परक्या टोळीच्या मुलखातून जाताना त्या टोळीचा एक माणूस सोबत घ्यावा लागे. त्याला रफीक म्हणत. रफीक हे नाव आपल्या शेजारपाजारी आपण ऐकतो. त्याचा अर्थ सोबती, आणि वाळवंटात त्याचा अर्थ जामीन. सोबत घेतलेल्या माणसासाठी प्रसंगी आपल्याच भाऊबंदांशी लढायचे, असा तो करार. परंतु गरजेने कायदा जन्माला येतो. ससा पुढे ठेवताना हसरा चेहरा गरजेने येत नाही. तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या संस्काराने येतो.

याचा अर्थ ते संतांचे गाव होते असा कोणी घेऊ नये. टोळ्या एकमेकींचे उंट लुटीत, खुनाला खून हा न्याय होता, आणि एका तरुणाच्या रक्ताची भरपाई दुसऱ्या टोळीतल्या निरपराध पोराच्या रक्ताने होत असे. अरबस्तानात गुलामगिरीही होती. आणि पाहुण्यांपुढे जे ताट येई, त्यामागचे हात प्रवासवर्णनांत क्वचित दिसतात. उत्तरेकडील बेदुइनांचा काळा तंबू शेळीच्या केसांचा. केस कातणे, जमिनीवर माग मांडून पट्टे विणणे, तंबू उभारणे आणि मोडणे, ताक घुसळणे, भाकर भाजणे हे सारे स्त्रियांचे काम. मम्रेतसुद्धा सपीठ मळणारी सारा कनातीच्या आडच राहिली आहे.

या मुलखात जाणाऱ्या प्रवाशांत एक येशूसंघीय धर्मगुरूही होते, हे आमच्या वाचकांस कुतूहलाचे वाटेल. विल्यम गिफर्ड पाल्ग्रेव्ह हे प्रथम मुंबई इलाख्याच्या देशी पायदळातले अधिकारी. पुढे ते कॅथलिक झाले, धर्मगुरू झाले आणि १८६२-६३ साली सिरियन वैद्याच्या वेषात अरबस्तान आरपार गेले. बेदुइनांविषयी त्यांचे मत हीन होते. त्यानंतर दीडएक दशकाने, १८७६ ते १८७८ या काळात, चार्ल्स डाउटी हे इंग्रज गृहस्थ त्याच देशात हिंडले. त्यांनी आपण ख्रिस्ती असल्याचे कधी लपविले नाही. त्यापायी त्यांना मार बसला, लुबाडले गेले, आणि तरीही ज्या तंबूंनी त्यांना मीठ घातले त्या तंबूंनी त्यांना राखले. आम्हांस वाटते, ज्याने स्वतःचे नाव झाकले त्याला यजमानाचा खरा चेहरा दिसला नाही, यात नवल नाही. पुढे १९४८ साली थेसिजर सौदी हद्दीतील सुलय्यिल येथे परवानगीवाचून पोहोचले, तेव्हा गावकऱ्यांनी ‘काफिराला’ आणल्याबद्दल त्यांच्या मुसलमान सोबत्यांची निर्भर्त्सना केली. राजाच्या हुकमाने सर्वांना अटक झाली. फिल्बींच्या रदबदलीने सुटका झाली. सोबती त्यांना सोडून गेले नाहीत.

अरबस्तानाबाहेरचे एक उदाहरण इथे द्यावेसे वाटते, कारण ते आपल्या परिचयाच्या संताचे आहे. संत शार्ल द फूको हे धर्मजीवन पत्करण्यापूर्वी मोरोक्कोचे नावाजलेले संशोधक. पुढे सहारा वाळवंटात तुआरेग भटक्यांमध्ये ते एकटे राहिले. सर्वांचे यजमान व्हावे, आपल्या झोपडीचे दार सर्वांस उघडे असावे, ही त्यांची आकांक्षा. १९०८ च्या प्रारंभी दुष्काळात ते मरणाला टेकले, तेव्हा त्याच तुआरेगांनी, स्वतः उपाशी असताना, मैलोगणती फिरून जी काही शेळ्यांचे थेंबभर दूध देत होती ते गोळा करून त्यांना पाजले आणि वाचविले. द्यावयास गेलेला मनुष्य तिथे घ्यावयास शिकला. १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

थेसिजर यांच्याविषयी आमच्या मनात आदर आहे आणि एक प्रश्नही आहे. त्यांनी वाळवंटातले हाल स्वखुशीने पत्करले. लंडनमध्ये त्यांचे घर होते. बिन कबीनाला ती निवड नव्हती. स्वेच्छेने घेतलेले दारिद्र्य आणि पदरी पडलेले दारिद्र्य एकाच सतरंजीवर बसून एकाच ताटात जेवतात, तरी ती दोन निराळी असतात. आम्हां धर्मगुरूंना हा भेद विशेष ध्यानात ठेवावा लागतो, कारण साधेपणाची स्तुती करणे आमच्या मुखी शोभून दिसते आणि ऐकणाऱ्याच्या घरी कदाचित रॉकेल संपलेले असते. तेल आले. अबू धाबीतून १९६२ साली आणि ओमानातून १९६७ साली ते निर्यात होऊ लागले. उरूक अल-शैबाच्या ज्या टेकड्यांवर अल-औफने उंट चढविले, त्याच परिसरात १९९८ पासून शैबाचे प्रचंड तेलक्षेत्र उत्पादन करीत आहे. १९७७ साली थेसिजर परत गेले, तेव्हा त्यांचे जुने सोबती मोटारीतून भेटावयास आले. थेसिजर खिन्न झाले. सोबती खिन्न नव्हते. त्यांच्या मुलांना दवाखाना होता, शाळा होती, आणि विहीर आटली म्हणून कोणी मरत नव्हते. त्यांच्या सुखाबद्दल शोक करण्याचा अधिकार पाहुण्याला कितपत असावा? १९९० साली ते पुन्हा गेले, तेव्हा मात्र त्यांनी हा बदल बऱ्याच अंशी स्वीकारला होता.

नव्या व्यवस्थेने सर्वांनाच जवळ केले असेही नाही. जिथे पाऊस तिथे तंबू, अशी ज्यांची वहिवाट, त्यांच्या मुलखावर सरहद्दी आखल्या गेल्या आणि कागद मागितले गेले. कुवेतमध्ये नोंदणी न झालेल्या बेदुइनांचे वंशज मोठ्या संख्येने आजही नागरिकत्वाविना आहेत. त्यांना ‘बिदून’ म्हणतात. बिदून म्हणजे ‘वाचून’, कागदावाचून. एके काळचे यजमान स्वतःच्याच भूमीवर दारात उभे राहिले.

आणि दुसरीकडे आपली माणसे तिथे पोहोचली. आमच्या धर्मग्रामातील क्वचितच एखादे घर असेल, ज्यातले कोणी आखातात राहून आलेले नाही. तिथल्या ख्रिस्तमंदिरांत त्यांना प्रार्थना करता येते, यामागेही जुनी यजमानगिरी आहे. १९४८ साली अबू धाबीच्या ज्या शेख शखबूत यांनी थेसिजर यांचा पाहुणचार केला, त्यांनीच पुढे ख्रिस्ती लोकांना मंदिरासाठी जमीन दिली आणि १९६५ साली तिथे पहिले मंदिर उभे राहिले. २०१९ च्या फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस अबू धाबीस गेले, तेव्हा अरबी द्वीपकल्पावर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप ठरले.

२०२३ च्या जानेवारीत आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाच्या आग्रहाने आम्ही तिकडे गेलो असता त्यांनी आम्हांस लिवापर्यंत नेले. सडक सुरेख, दोहों बाजूंना खजुरीच्या बागा आणि त्यांपलीकडे एकदम सुरू होणारी तांबूस वाळू. एका उंटवाड्यापाशी थांबलो. वाड्याचे मालक ऐंशीच्या घरातले. आम्ही कोण, कोठले, कशासाठी आलो, हे विचारण्यापूर्वी त्यांनी बसावयास सतरंजी दाखविली आणि कॉफी आली. बिनकानाचा चिमुकला पेला, तिसरा हिस्सा भरलेला. पुरे झाले की पेला हलवून परत द्यायचा. आम्ही हिंदुस्थानातील ख्रिस्ती धर्मगुरू आहोत, हे आमच्या यजमानाने अरबीत सांगितले, तेव्हा वृद्ध गृहस्थांनी एवढेच विचारले, की यांचे जेवण झाले आहे काय.

उंट राखणारा तरुण राजस्थानातील बाडमेरचा. तीन वर्षे घरी गेलेला नव्हता. हिंदीत बोलणारा कोणी भेटला म्हणून त्याने हौसेने आम्हांस वाड्याबाहेर नेले आणि वाळूतल्या ठशांवरून कोणती सांडणी पहाटे बाहेर पडली, कोणती गाभण आहे, हे सांगितले. अल-औफची विद्या आता मारवाडी बोलत होती. आम्ही परतलो तेव्हा वृद्धांनी आपल्या हाताने पेला भरून त्या तरुणालाही दिला. थोड्या वेळाने त्यांचा नातू मोठ्या मोटारीतून आला. सुशिक्षित, अदबशीर मुलगा. आजोबांच्या हातून कॉफीपात्र घेऊन त्याने आम्हां सर्वांचे पेले भरले, आणि राखणदाराच्या पुढून ते पात्र तसेच पुढे गेले. त्यात तिरस्कार नव्हता. तो मनुष्य पगारावर आहे, पाहुणा नाही, एवढाच हिशेब त्याच्या मनाने आपोआप केला होता.

तेव्हापासून हा भेद आम्ही मनात घोळवीत आहोत. आमच्या एका धर्मग्रामस्थाचा ट्रक ओमानच्या वाळवंटात बंद पडला, तेव्हा एक अनोळखी वृद्ध अरब पाणी आणि खजूर देऊन, मेकॅनिक येईपर्यंत, रात्री अकरापर्यंत, त्याच्याशेजारी बसून राहिला. आमच्याच धर्मग्रामातील एक भगिनी आखातातील एका घरी घरकामास होत्या. सात महिने पगार नाही, पासपोर्ट घरमालकाच्या कपाटात, आणि त्याच घरात पाहुण्यांची ताटे मात्र रोज ओसंडून वाहणारी. एकाच देशाच्या परंपरेतले हे दोन अनुभव. पहिला वाटसरू होता, दुसरी कामकरीण. तंबूचा कायदा दारात चालत आलेल्यासाठी होता. करारपत्रावर सही करून आलेल्याला त्यात जागा कोठे, हे कोणी ठरविलेच नाही.

हे तिकडचे झाले. पावसाळा सरला, की जव्हार-मोखाड्याकडची कुटुंबे आपल्या भागातील वीटभट्ट्यांवर आणि वाड्यांत कामाला येतात. लग्नात दोन हजार पाने उठविणाऱ्या आपल्या घरांत त्यांच्यासाठी चहाचा कप फळीवर निराळा ठेवलेला आम्ही पाहिला आहे. त्यांनी आपल्या मिठाला जागावे, असे आपणांस वाटते. आपण त्यांना मीठ घातले म्हणून आपणही बांधले गेलो, असे त्या घरांत कोणी म्हणताना आमच्या कानी आलेले नाही.

थेसिजर यांच्या पुस्तकात एक म्हातारा येतो. चिंध्या पांघरलेला, डोळ्यांना पाणी, हाती काही नाही; आणि तरीही सारे राशिद उठून मोठ्या मानाने त्याचे स्वागत करतात. थेसिजर विचारतात, हा कोण? बिन कबीना सांगतो, की हा एके काळी टोळीतल्या सर्वांत श्रीमंतांपैकी एक. आता याच्याजवळ काही उरले नाही. उंट कोणी लुटून नेले काय? नाही, याच्या तंबूत जो जो आला, त्याच्यासाठी याने उंट कापला. औदार्याने हा भिकेला लागला. थेसिजर नमूद करतात, की हे सांगताना त्या पोराच्या स्वरात कीव नव्हती, हेवा होता. असा म्हातारा आपल्या एखाद्या गावात असता, तर आपण त्याला उधळ्या म्हटले असते, त्याच्या मुलांची दया केली असती, आणि फार तर त्याच्या आजारपणासाठी रविवारी मिस्सेनंतर वर्गणी काढली असती. तो आत येताच उठून उभे राहणारे आपल्यात किती जण निघाले असते, हा प्रश्न आम्ही वाचकांच्या स्वाधीन करतो.